देवांची नावं, माणसांची शरीरं

साशंक : माझा आक्षेप अगदी मुळाशी आहे. शरीराच्या एखाद्या भागाच्या नावाने दोन कामं करावीत. तो भाग कुठे आहे हे सांगावं आणि तो काय आहे हे सांगावं. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला जुळतात, ती शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट कंडरा. तिला 'टाचेची कंडरा' म्हटलं की काम संपतं. पण जगभरचे डॉक्टर तिला अकिलीसची कंडरा म्हणतात. फिलिप व्हेरहेयन या फ्लेमिश शरीररचनातज्ज्ञाने १६९३ साली आपल्या ग्रंथात तिला हे नाव दिलं आणि ते टिकलं. बरं, हे नाव कथेशी तरी प्रामाणिक आहे का? होमरच्या 'इलियड'मध्ये अकिलीसच्या दुबळ्या टाचेचा उल्लेखच नाही. त्या काव्यात तो मरतसुद्धा नाही. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य केलं, ही कथा आपल्याला भेटते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. 'इलियड'मध्ये टाचेमागच्या कंडरा छेदल्या जातात त्या हेक्टरच्या, आणि छेदणारा स्वतः अकिलीस असतो. मेलेल्या शत्रूच्या पायांत चामड्याचे पट्टे ओवून तो शव रथामागे फरपटत नेतो. मग ही कंडरा नेमकी कोणाची? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी स्थिती होती की शरीराच्या सुमारे ५,००० भागांना जवळजवळ ५०,००० नावं चालू होती. १८९५ साली बासेलमध्ये तज्ज्ञांनी त्यांची एकच यादी ठरवली, आणि १९५५ च्या पॅरिसच्या यादीतून कोणाच्याही नावावरून पडलेली नावं वगळली गेली. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या मुलीने आधीच एवढं पाठ करायचं असतं. तिच्यावर ग्रीसच्या देवळाचं ओझं कशासाठी?

रसिक : तुम्ही यादीचा दाखला दिलात, म्हणून त्याच यादीकडे बोट दाखवतो. तिथून अकिलीस गेला, पण अ‍ॅटलस राहिला. मानेच्या पहिल्या मणक्याचं ते आजचं अधिकृत नाव आहे. आकाश खांद्यावर तोलून धरण्याची शिक्षा झालेला अ‍ॅटलस, आणि कवटी तोलून धरणारा मणका. या मणक्याला इतर मणक्यांसारखं भरीव शरीर नसतं, तो नुसतं एक कडं असतो. कवटी त्याच्यावर पुढे-मागे झुकते तेव्हा आपण होकार देतो, आणि तो कवटीसह खालच्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो तेव्हा नकार देतो. 'पहिला मणका' या नावात एवढं काही नाही. त्यात फक्त क्रमांक आहे. अ‍ॅटलस या नावात त्या हाडाचं काम आहे, त्याच्यावरचा भार आहे, आणि तो कोसळला तर काय होईल याची सूचनाही आहे. तुमच्या त्या नंदुरबारच्या मुलीला शेषाच्या मस्तकी पृथ्वी आहे हे घरातच कळलेलं असतं. आकाश पेलणारा तिला एका वाक्यात समजेल. पायाच्या तळव्यात बाण लागून देह ठेवणारा कृष्ण तिला ठाऊक आहे, मग अकिलीस तिला परका का वाटावा? कथेला धरून शिकलेलं नाव विसरत नाही, हा शिकवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

दुसरं उदाहरण मेंदूतलं. आठवणी घडवणाऱ्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. सोळाव्या शतकात इटलीतल्या अरांझी यांनी त्याचा आकार पाहून हे नाव दिलं. ग्रीकांच्या समुद्रदेवाचा रथ ओढणाऱ्या, अर्धा घोडा आणि अर्धा मासा अशा प्राण्याचं नाव तेच. पुढे कोणाला त्या आकारात मेंढ्याची शिंगं दिसली, म्हणून त्याला इजिप्तच्या आमोन देवाचं शिंग म्हटलं गेलं. ते लॅटिन नाव आज मागे पडलं आहे, पण त्याची आद्याक्षरं उरली. हृदयक्रिया काही मिनिटं बंद पडून परत सुरू झालेल्या माणसाची स्मृती का जाते, याचं उत्तर 'सीए १' नावाच्या पट्टीत सापडतं, कारण प्राणवायूची टंचाई तिथल्या पेशींना फार सहज मारते. त्या दोन अक्षरांत इजिप्तचा देव आहे. माणसाने स्वतःच्या आत पाहिलं तेव्हा त्याच्याजवळ जे सगळ्यांत मोठं होतं, त्याची नावं त्याने आतल्या वस्तूंना दिली. हा ज्ञानाचा इतिहास आहे, त्याला अडगळ म्हणू नका.

साशंक : हाडाचं नाव आणि मेंदूतल्या पट्टीचं नाव तुम्ही घेतलंत. ती उदाहरणं तुम्हाला सोपी जातात, कारण हाडाला आपलं नाव ऐकू येत नाही. माझा खरा आक्षेप पुढचा आहे. यकृत निकामी होत आलं की त्यातून जाणाऱ्या रक्ताची वाट अडते, आणि बेंबीभोवतीच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. या लक्षणाला पाठ्यपुस्तकात 'मेड्यूसाचं डोकं' म्हणतात. केसांच्या जागी साप असलेली, पाहणाऱ्याला दगड करणारी राक्षसी. खाटेवर पडलेल्या माणसाच्या पोटाकडे पाहून आपण विद्यार्थ्यांना तिचं नाव सांगतो. पाय एकमेकांना जुळलेलं मूल जन्मतं, तेव्हा त्या व्यंगाला सायरन या मोहिनीचं नाव मिळतं. एकच डोळा घेऊन आलेलं, बहुधा मृत जन्मणारं किंवा काही तासच जगणारं अर्भक सायक्लॉप्स या राक्षसाच्या नावाने नोंदलं जातं. त्या आईने ते कागद वाचायचे असतात.

आपल्या घराजवळचं सांगतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलग्यांमध्ये त्या शिश्नात अडकल्या की वेदनामय ताठरता येते आणि ती उतरत नाही. चार तासांच्या वर गेलं की ती तातडीची अवस्था असते, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. या दुखण्याला प्रायापस या देवाचं नाव आहे. ग्रीक आणि रोमन बागांमध्ये ज्याचा भल्यामोठ्या शिश्नाचा पुतळा उभा करत आणि ज्याच्यावर विनोद करत, तो हा देव. मुलगा आधीच लाजेने कोणाला सांगत नाही, आणि आपण त्याच्या दुखण्याला विनोदाच्या देवाचं नाव देऊन बसलो आहोत. निम्फोमेनिया घ्या. फ्रेंच वैद्य बिएनव्हील यांनी १७७१ साली त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं ज्या बाईची कामेच्छा घरच्यांना गैरसोयीची वाटली, तिच्यावर वनदेवतेचा हा शिक्का मारता आला. पुरुषांसाठी सॅटिर या वनदेवावरून आलेलं नाव होतं, पण ते पुरुषांना तितकं भोवलं नाही. ही नावं केवळ सुंदर आहेत असं म्हणायचं असेल, तर ती ज्यांच्या अंगावर लिहिली गेली त्यांच्याकडे पाठ करून म्हणावं लागेल.

रसिक : पाठ करत नाही. निम्फोमेनियाचा बचाव मी करणार नाही, तो शब्द गेला हे चांगलं झालं. पण दुखावण्याचं मूळ पुराणकथेत आहे, हे मला मान्य नाही. हर्मीस आणि अफ्रोदिती यांचा मुलगा एका अप्सरेशी एकरूप झाला, अशी कथा ओव्हिड सांगतो. त्या मुलाच्या नावावरून स्त्री-पुरुष दोन्हींची लक्षणं घेऊन जन्मलेल्या माणसांना वैद्यक हर्माफ्रोडाइट म्हणत आलं. २००६ साली तज्ज्ञांनी एकमताने हे नाव सोडलं आणि 'लिंगविकासातले विकार' असं वर्णनात्मक नाव आणलं. मग काय झालं? ज्यांच्यासाठी ते आणलं त्यांतल्याच अनेकांनी सांगितलं, की आम्हाला 'विकार' म्हणू नका. ज्या समाजात अर्धनारीनटेश्वराची पूजा होते, तिथल्या माणसाला त्या दोन नावांपैकी कोणतं जास्त टोचेल, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. कुष्ठरोगाला मराठीत महारोग म्हणत. त्यात कोणताही देव नाही, कथा नाही, आजाराच्या आकाराचं वर्णन तेवढं आहे. त्या साध्या वर्णनाने हजारो माणसांना गावाबाहेर काढलं. बाबा आमट्यांना आनंदवन उभं करावं लागलं ते त्या वर्णनाच्या विरोधात. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते २०१९ साली रद्द झालं.

आता माणसांच्या नावाची नावं पाहा. राइटरचा आजार, वेगेनरचा आजार. पुढे कळलं की हान्स राइटर नाझींच्या छळछावणीतल्या वैद्यकीय अत्याचारांत सामील होता, आणि वेगेनरही नाझी पक्षाचा होता. नावं बदलावी लागली. देशांच्या नावाची नावं पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एक नवा भयंकर गुप्तरोग पसरला. इटलीवाले त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत. आपल्याकडे पोर्तुगीज आल्यानंतर तो दिसला म्हणून सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त तो फिरंग रोग झाला. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या माथी मारायचा होता. या भांडणातून सुटका कोणी केली? व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो या वैद्य-कवीने. १५३० साली त्याने एक काव्य लिहून सूर्यदेवाचा अपमान करणारा सिफिलस नावाचा मेंढपाळ कल्पिला आणि हा रोग त्याला दिला. आज जग त्या रोगाला सिफिलिस म्हणतं. जो कधी जन्मलाच नाही अशा माणसावर दोष गेला आणि जिवंत राष्ट्रं मोकळी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की नव्या रोगांना गावांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नका. फ्राकास्तोरोच्या काव्याने एका रोगापुरतं ते काम तेव्हाच करून ठेवलं होतं.

साशंक : तुम्ही मेंढपाळाची कथा अर्धी सांगितलीत. त्या मेंढपाळाला रोग झाला, कारण त्याने पाप केलं. म्हणजे राष्ट्र सुटलं, पण रुग्ण अडकला. पुराणकथेची खोड हीच आहे. तिच्यात काही विनाकारण घडत नाही. शाप असतो, अपराध असतो, शिक्षा असते. आजार मात्र बहुतेक वेळा विनाअपराध येतो. म्हणून कथा आजाराला चिकटली की ती रुग्णाचा अपराध शोधायला लागते.

ग्रीस राहू द्या, आपल्याच परंपरेत या. क्षयाचं जुनं नाव राजयक्ष्मा. चरकसंहितेत त्याची उत्पत्ती येते. चंद्राने दक्षाच्या अनेक कन्यांशी लग्न केलं, पण रमला तो एकट्या रोहिणीत. दक्षाचा कोप झाला आणि चंद्र झिजू लागला. कथा देखणी आहे, चंद्राच्या कला डोळ्यांसमोर येतात. पण तिच्यातून निघतं काय? क्षय हा विषयासक्तीचा परिणाम. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी जंतू दाखवून दिल्यावरही कितीतरी काळ तरुण क्षयरोग्याकडे घरचे संशयाने पाहत राहिले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांच्या आजारांचे नऊ ग्रह आहेत. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, नैगमेष ही त्यांतली काही. तापाने फणफणलेल्या, जुलाबाने सुकलेल्या बाळाला पूतनेने धरलं, असं म्हटलं की वैद्याची नजर बाळाच्या पाण्याकडे जाणार की पूतनेच्या शांतीकडे? आणि आपली देवी. मराठीत एका महाभयंकर रोगाचं नावच देवी होतं. अंगावर देवी आल्या म्हणजे देवता घरात आली, तिला औषध देऊन डिवचायचं नाही. ग्रीक नावं निरुपद्रवी वाटतात, याचं कारण एकच. त्या देवांना आज कोणी नवस बोलत नाही. ज्या देवाला माणूस अजून भितो, त्याचं नाव आजाराला मिळालं की उपचार थांबतो. माझी भीती खरी तर एवढीच आहे.

रसिक : हा तुमचा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो. देवीची खोली आठवा. घर शांत ठेवायचं, स्वच्छता पाळायची, कडुलिंबाचे डहाळे लावायचे, पाहुण्यांना आत येऊ द्यायचं नाही, रुग्णाशी कठोर बोलायचं नाही. त्या काळात या रोगावर कोणाकडेच औषध नव्हतं. अशा वेळी नावाने रुग्णाला दूर लोटलं नाही, त्याची शुश्रूषा करायला लावली. महारोग म्हटलेल्याला हाकललं, देवी आलेल्याला जपलं. मग लस आली. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली गेली. भारतात यशस्वीपणे लस घेतलेलं पहिलं माणूस ती. मराठीने त्या क्रियेला काय म्हटलं? देवी टोचणं. लोकांचा विरोध झाला, पळापळ झाली, हे खरं. पण त्याच भाषेने लस त्याच देवीच्या नावात सामावून घेतली आणि पुढच्या पिढ्यांनी मुलांचे दंड पुढे केले. १९७५ साली भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९८० साली जग मुक्त झालं. ज्या नावाने भीती आणली त्याच नावाने लस घरात नेली. नाव दोन्ही कामं करू शकतं.

आणि कथेत नेहमी अपराध असतो, असं तुम्ही म्हणालात. बेलाडोना या विषारी झाडाला लिनियस यांनी १७५३ साली अ‍ॅट्रोपॉसचं नाव दिलं. तीन नियतींपैकी आयुष्याचा धागा कापणारी ती. पुढच्या शतकात त्या झाडातून औषध निघालं, अ‍ॅट्रोपीन. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयांत कीटकनाशक पोटात गेलेला किंवा फवारताना विषबाधा झालेला शेतकरी येतो, तेव्हा त्याच्या शिरेत पहिल्यांदा अ‍ॅट्रोपीन जातं. २०१७ साली यवतमाळात फवारणीने माणसं मेली, ते आपण विसरलेलो नाही. धागा कापणाऱ्या नियतीच्या नावाचं औषध तिथे धागा तुटू देत नाही. विष आणि औषध यांत मात्रेचं अंतर असतं, हे सगळं विषशास्त्र त्या एका नावात आहे. सायक्लॉप्सचंही तसंच. १९५७ साली अमेरिकेतल्या आयडाहोत एकाच डोळ्याची कोकरं जन्मू लागली. गाभण मेंढ्या एक रानटी वनस्पती खात होत्या, तिच्यातल्या द्रव्याला सायक्लोपामीन म्हटलं गेलं. गर्भाची घडण ठरवणारा एक संदेशमार्ग ते बंद करतं, हे पुढे कळलं. तोच मार्ग रोखणारं औषध २०१२ साली त्वचेच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं. राक्षसाचं नाव दिलं म्हणून शोध थांबला नाही.

साशंक : औषधाला नाव चालतं, याबद्दल माझा वाद कमी होत चालला आहे. तरी एक सावधगिरी सांगतो. पाडरबोर्नमधल्या एका औषधविक्रेत्याचा मदतनीस झेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून वेदनाशामक वेगळं केलं आणि त्याला स्वप्नांच्या मॉर्फियसचं नाव दिलं. त्या नावात गोडवा आहे, पण व्यसनाची खूण नाही. शतकाच्या अखेरीस, १८९८ साली, बायर कंपनीने त्याच्याच रासायनिक भावंडाला वीरत्वाचं नाव देऊन हेरॉइन म्हणून खोकल्यासाठी विकलं. उदात्त नाव विक्रीला मदत करतं आणि धोका झाकतं.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते मनाच्या आजारांचं. फ्रॉइड यांनी ईडिपसचं नाव घेतलं आणि प्रत्येक मुलाच्या मनात बापाला मारण्याची इच्छा असल्याचा सिद्धान्त मांडला. मूळ कथा काय आहे? बापाने भविष्यवाणीच्या भीतीने नवजात मुलाचे पाय टोचून त्याला डोंगरावर टाकून दिलं. पहिला वार बापाचा आहे. मुलाला तर आपण कोणाला मारतो आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हतं. फ्रॉइड यांनी कथेचा हवा तो तुकडा कापून घेतला, आणि त्या तुकड्याला निसर्गनियमाचं रूप आलं, कारण त्याच्यामागे दोन हजार वर्षांची नाटकाची पुण्याई होती. ऑन्डीनचंही तेच. १९६२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी, झोप लागली की श्वास घेणं विसरणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आणि त्याला ऑन्डीनचा शाप म्हटलं. जिरोदू यांच्या १९३९ च्या नाटकात ती जलपरी शाप देतच नाही, शिक्षा तिच्या राजाची असते. आज या आजारामागचं जनुक माहीत आहे. रात्रभर बाळाच्या यंत्राकडे पाहत जागणाऱ्या आईला 'तुमच्या मुलाला शाप आहे' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

रसिक : तसं सांगू नये. पण कथा अर्धी कापली, यावरचा उपाय कथा पूर्ण सांगणं हाच आहे. ईडिपसचं नाव नसतं, तर फ्रॉइड यांच्याशी वाद घालायला जागाच मिळाली नसती. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली आणि फ्रॉइड यांना पत्रातून कळवलं, की युरोपातल्या रुग्णांत लिंगच्छेदाची जी भीती इतकी ठळक दिसते, ती माझ्या भारतीय रुग्णांत तशी आढळत नाही. आपल्याकडे तर ययाती आहे. स्वतःचं म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य मागणारा बाप. खांडेकरांची कादंबरी वाचलेल्या मराठी माणसाला बाप-लेकाच्या नात्याची ही दुसरी बाजू समजावून द्यावी लागत नाही. ईडिपस विरुद्ध ययाती, असा वाद करता येतो. 'प्रकार एक, प्रकार दोन' या नावांशी असा वाद करता येत नाही. वर्णनात्मक नाव प्रश्न मिटवून टाकतं, कथेचं नाव तो उघडा ठेवतं. मेड्यूसाकडेही आज आपण वेगळ्या नजरेने पाहतो. ओव्हिडच्या कथेत देवळात अत्याचार तिच्यावर झाला आणि शिक्षाही तिलाच झाली. दारूने यकृत गेलेल्या माणसाला सगळे दोष देतात. त्याच्या पोटावरच्या शिरा दाखवताना शिक्षकाने ही कथा पूर्ण सांगितली, तर विद्यार्थ्याला दोषी कोण हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल.

आणखी एक नाव सांगतो. शरीराचा कोणताही भाग वेडावाकडा वाढत जाणारा एक अत्यंत दुर्मीळ आजार आहे. व्हीडेमान या डॉक्टरांनी १९८३ साली त्याला प्रोटियसचं नाव दिलं. प्रोटियस म्हणजे समुद्रातला रूपं बदलणारा म्हातारा. 'ओडिसी'त मेनेलाउस त्याला मिठी मारून धरतो. तो सिंह होतो, साप होतो, पाणी होतो, झाड होतो. जो शेवटपर्यंत सोडत नाही, त्यालाच तो मूळ रूपात येऊन खरं सांगतो. संशोधकांनी हा आजार सोडला नाही, आणि २०११ साली त्याचं कारण असलेला एका जनुकातला बदल सापडला. रुग्णाला राक्षस न म्हणता डॉक्टरचं कर्तव्य सांगणारं नाव असू शकतं, याचा हा पुरावा आहे.

साशंक : आता आपण कुठे जवळ आलो आणि कुठे नाही, ते नीट मांडू. अवयवाचं नाव आणि औषधाचं नाव यांच्यावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. माणसाच्या अवस्थेचं नाव यावरचा घेत नाही. तुम्ही म्हणता कथा पूर्ण सांगा. पण बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत असते. तिथे नाव उच्चारायला वेळ असतो, कथा सांगायला नसतो. कथा वर्गात राहते आणि शिक्का रुग्णाबरोबर घरी जातो. शिवाय प्रोटियसचा रुग्ण मोठा होऊन आपलं नाव स्वीकारू किंवा नाकारू शकेल. सायक्लॉप्सचं नाव मिळालेलं अर्भक ते कधीच करणार नाही.

रसिक : आणि मी एवढं मान्य करतो की नाव देणाऱ्याचा आनंद हा नाव सोसणाऱ्याच्या दुःखापेक्षा मोठा नाही. पण तुमची अवयव आणि माणूस यांतली रेघ किती काळ टिकेल? आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून रक्ताच्या कर्करोगावरचा देशातला पहिला कार-टी उपचार तयार झाला, त्याला २०२३ साली मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांत कर्करोग ओळखणारा जोडग्राहक बसवायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. या उपचाराच्या नावातलं पहिलं अक्षर कायमेराचं आहे, म्हणजे सिंह, बकरी आणि साप यांचा जोडदेह असलेल्या ग्रीक राक्षसीचं. इथे औषध म्हणजेच रुग्णाची पेशी. मग हे नाव औषधाचं की माणसाचं? ग्रीकांनी जोडदेहाला राक्षस म्हटलं आणि पराक्रमी वीराकडून मारवलं. आपण नृसिंहाला कुलदैवत मानलं आणि गजमुखाला पहिलं वंदन केलं. तो उपचार घेतलेल्या मराठी माणसाला त्याच्या नव्या देहाबद्दल बोलायला आपली कथा जास्त दयाळू वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

साशंक : मला तिथेच सर्वांत मोठा धोका दिसतो. नृसिंहाचं नाव पेशीला दिलं, की उद्या कोणी म्हणेल, हे तंत्र आमच्याकडे आधीच होतं. गणपतीच्या शिरावरून शस्त्रक्रियेचे दावे झालेले आपण ऐकले आहेत. कायमेरा सुरक्षित आहे, कारण तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही. जिवंत देव प्रयोगशाळेत आला की त्याच्यामागे भक्तही येतात आणि भांडणही येतं.

रसिक : म्हणजे आपली भाषा जिवंत आहे म्हणून तिने मुकं राहायचं, आणि नावं ठेवण्याचा अधिकार मेलेल्या देवांच्या भाषांना द्यायचा. हे मला पटत नाही, आणि भक्तांच्या दाव्यांची तुमची भीती खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही.

साशंक : मलाही तुमचा प्रश्न सोडवता येत नाही. पण ज्यांच्या हाती आजचं काम आहे, त्यांना आपण दोघं मिळून एवढं तरी सांगू शकतो. शरीररचना शिकवणाऱ्यांनी अ‍ॅटलस आणि अकिलीस शिकवताना कथा गाळू नये, आणि सांगायची तर अर्धी सांगू नये. वैद्यकाचे ग्रंथ मराठीत आणणाऱ्यांनी जिवंत देवतेचं नाव घेण्यापूर्वी, त्या नावाने माणूस औषधाकडे येईल की औषधापासून दूर जाईल, हा प्रश्न विचारावा. आणि प्रत्येक डॉक्टरने राक्षसाचं, शापाचं किंवा पापाचं नाव असलेलं निदान रुग्णासमोर उच्चारण्याआधी थांबावं, आजार साध्या मराठीत समजावून द्यावा, आणि ते नाव घेऊन हा माणूस आपल्या गावात कसा जगेल याचा विचार करावा.